बाबांचे कुंग फू सिनेमे, माझ्या कोरियन मालिका: दोघांना मिळून बघता येईल असं काही सुचवा

निशिगंध:
माझे बाबा सत्तरच्या दशकातल्या कुंग फू सिनेमांचे भक्त. ब्रूस ली तोंडपाठ, आणि जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर' कधीही लावा, बसतात बघत. मी कोरियन मालिका बघणारी. बाबा आता निवृत्त झालेत, रात्री जेवणं उरकली की दोघांनी मिळून तासभर काहीतरी बघावं असं फार वाटतंय. ऐतिहासिक कोरियन मालिका त्यांना आवडेल का? मारामारी मात्र अंगातली हवी. माणसं तारांवर लटकून झाडाझाडांवरून उडायला लागली की ते उठून जातात. आणि पन्नास भागांचं मारुतीचं शेपूट नको.

काजवा:
एकदम मालिकेवर जाऊ नका, मधे दोन सिनेमे घ्या. पहिला 'किंग बॉक्सर' (1972). शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीचा, हाँगकाँगचा, पण दिग्दर्शक जाँग चांग-ह्वा हे कोरियन. 'एन्टर द ड्रॅगन' अमेरिकेत लागायच्या आधी, 1973 मध्येच, हा तिथे गाजला होता. उड्या थोड्या अति आहेत, तेवढं चालवून घ्या.

बाबांना एक गोष्ट नक्की सांगा. 'वे ऑफ द ड्रॅगन'मध्ये ब्रूस ली ज्या जपानी कराटेवाल्याशी लढतो, तो खरा हापकिडो या कोरियन युद्धकलेचा उस्ताद, ह्वांग इन-शिक. जॅकी चॅनच्या 'द यंग मास्टर'मधली (1980) शेवटची लांबलचक झुंजही त्याच्याशीच आहे. म्हणजे कोरियन लढवय्ये बाबांनी कधीचेच पाहिलेत!

दुसरा 'द 36थ चेंबर ऑफ शाओलिन' (1978). त्यांनी पाहिला असेल तरी पुन्हा बघा, तुमच्यासाठी. अर्ध्याच्या आसपास सिनेमा नुसता तालमीचा आहे. गॉर्डन लिउ पाण्याच्या बादल्या वाहतो तेव्हा दंडांना सुऱ्या बांधलेल्या असतात, हात खाली आले की टोचणार. जेवायला जायचं तर पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग स्वतः वाँग फेई-हुंग या नामांकित कुंग फू गुरूच्या परंपरेतले, त्यामुळे प्रत्येक हालचालीला अर्थ आहे. माझ्या मते या प्रकारातला याहून चांगला सिनेमा नाही.

कोकणकडा:
मी 'दामो' (2003) सुचवेन. चौदाच भाग. कोरियाच्या जुन्या जोसन राजवटीतली, पोलीस खात्यात काम करणारी दासी, हा जी-वनचं काम अप्रतिम, आणि प्रेमकथा जीव पिळवटणारी.

काजवा:
कोकणकडा, 'दामो' मलाही प्रिय आहे, पण त्यात तारांवरची उड्डाणं भरपूर आहेत. बाबा पहिल्याच भागात उठतील. ती निशिगंध यांनी एकटीने बघावी.

दोघांसाठी 'चुनो' (2010), 24 भाग. 1636 च्या मांचू आक्रमणानंतरचा काळ. पळालेल्या गुलामांना पकडणारा नायक, जो मुळात बड्या घरचा, आणि ज्या मुलीला तो शोधतोय ती त्याच्याच घरची दासी होती. नायक जांग ह्युक खऱ्या आयुष्यात जीत कुन दो शिकलेला आहे. म्हणजे ब्रूस लीचीच विद्या! धूळ, घाम, बाजारातल्या गल्ल्या, जवळून मारलेले ठोसे, सगळं बाबांच्या पठडीतलं. एक सूचना: सुरुवातीच्या भागांत बाईवरच्या जबरदस्तीचं दृश्य आहे, वडिलांबरोबर बसून बघताना अवघड वाटेल. आधी एकटीने पाहून ठेवा.

आवडली तर लगेच 'ट्री विथ डीप रूट्स' (2011). हीही 24 भागांची, जांग ह्युकच आहे. पण खरी मेजवानी हान सोक-ग्यूने केलेला राजा सेजोंग. कोरियन लिपी जाहीर होण्याआधी दरबारात खून पडायला लागतात, आणि सामान्य माणसाला वाचता यावं म्हणून हा राजा हट्टाला पेटलेला असतो. मारामारी कमी, पण बाबा खिळून राहतील.

कोकणकडा:
उड्डाणांचं मान्य. मग 'वॉरियर बेक दोंग-सू' (2011) कशी वाटते? 29 भाग आहेत. बेक दोंग-सू खरा होऊन गेला, 1790 च्या 'मुये दोबो तोंगजी' या सचित्र युद्धकला-ग्रंथाच्या कर्त्यांपैकी एक. मालिकेतली कथा मात्र बरीचशी कल्पित आहे.

काजवा:
चालेल, पण 'चुनो'च्या आधी. तिच्यानंतर लावली तर फिकी वाटेल.

निशिगंध:
दोघांचे मनापासून आभार! ह्वांग इन-शिकचं सांगितल्यावर बाबा आत्ताच 'द यंग मास्टर' शोधायला बसलेत, त्यामुळे आजची रात्र त्यालाच. 'किंग बॉक्सर' उद्या. 'चुनो'चे पहिले भाग मी दुपारी बघून घेते. आईला मारामारी नको आहे, तिच्यासाठीही काही असेल तर सांगा.

कोकणकडा:
आईंना 'दे जांग गुम' (2003). राजवाड्यातला मुदपाकखाना, मग वैद्यकी, नायिका ली यंग-ए. भाग 54 आहेत, पण स्वयंपाकाची आवड असेल तर त्यांना ते कमीच पडतील.