नवजात बाळाला टीजीए आहे, ऑपरेशनसाठी गोव्याबाहेर न्यायचंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितेय. माझ्या भावाला गेल्या आठवड्यात मुलगी झाली. रडली छान, वजनही चांगलं, पण थोड्याच वेळात निळी पडायला लागली आणि ऑक्सिजन लावून काहीच फरक पडेना म्हणून इको केला तर टीजीए निघालं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल, शुद्ध रक्त परत फुफ्फुसात जातंय आणि अशुद्ध अंगभर फिरतंय. आता एनआयसीयूत प्रोस्टाग्लँडिनच्या ड्रिपवर आहे, जन्मानंतर आपोआप बंद होणारी नळी त्याने उघडी राहते आणि रक्त थोडं तरी मिसळतं. बलून करावं लागेल का, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं छिद्र फुग्याने मोठं करून रक्त जास्त मिसळू द्यायचं, ते उद्या सांगणार.

ऑपरेशन आर्टेरियल स्विचचं, म्हणजे त्या दोन रक्तवाहिन्या कापून परत आपापल्या योग्य जागी जोडायच्या. आई आणि काका म्हणतात एवढासा जीव, जरा अंगाने भरू दे, मग बघू. पण डॉक्टर म्हणाले की डावा कप्पा सध्या फुफ्फुसाकडे पंप करतोय, तिथलं प्रेशर जन्मानंतर उतरत जातं, मग त्या कप्प्याचा स्नायू कमजोर होतो आणि नंतर अंगभर रक्त ढकलायची ताकद त्याच्यात उरत नाही, म्हणून पहिल्या २-३ आठवड्यांतच करायचं. मला हे शंभर टक्के पटलंय. कोणाच्या बाळाचं हे झालं असेल तर प्लीज लिहा, आईला वाचून दाखवीन, माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल ती.

खरी काळजी प्रवासाची आहे. त्या ड्रिपमुळे बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो म्हणतात, म्हणजे गाडीत व्हेंटिलेटर आणि नवजात बाळं हाताळलेला डॉक्टर दोन्ही हवेत. असं बाळ इथून मुंबईला किंवा बेंगळुरूला कोणी नेलंय का? रस्त्याने की एअर अँब्युलन्सने? चोर्ल्याच्या घाटातून बेळगावला नेणं सोपं, पण इतक्या लहान बाळाचं स्विच तिथे होतं का?

सर्जनना काय काय विचारायचं तेही सांगा. कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या बारीक नसा, काढून नवीन जागी जोडायच्या हाच सगळ्यात नाजूक भाग म्हणे.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) कार्ड आहे पण त्यात बाळाचं नाव अजून नाही, चालतं का? खारघरच्या सत्य साई संजीवनीत मुलांची हार्ट ऑपरेशन्स फुकट होतात, तिथे इतक्या घाईत नंबर लागतो का?

वहिनीचं सिझर झालंय, तरी ती दूध काढून पाठवतेय आणि बाळासोबत जायचंच म्हणतेय. टाके ओले असताना एवढा प्रवास कोणी केलाय का? नंबर इथे टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी रात्रभर जागीच आहे.