दोन छोट्या कुत्र्या, 3000 रुपये आणि कच्चं खाणं: मुंबईत जमेल का?

रानजाई
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, जरा सविस्तर लिहिते.

घरात दोघीजणी आहेत. गुंडी, सहा वर्षांची स्पिट्झ, 6 किलो. आणि बिट्टी, पॉमेरेनियन मिक्स, 4 किलो. तिला कुणीतरी गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत सोडून दिलं होतं. गुंडी काहीही खाते. बिट्टी मात्र वाडग्यातल्या कोरड्या गोळ्या एकेक करून तोंडात धरते, आतल्या खोलीत नेते आणि पायपुसण्याखाली ठेवून येते. सकाळी झाडताना सगळ्या सापडतात. दातांवर पिवळं किटण चढलंय, पोटाखाली सारखी खाजवते.

ओळखीच्या एका मुलीने कच्चं मांस सुरू केलंय, तिच्या कुत्र्याची कातडी म्हणे चमकायला लागली. मला करून बघायचंय, पण दोघींचं मिळून महिन्याला 3000 च्या वर जाऊ शकत नाही. लालबागला राहतो, चिकनचं दुकान खालीच आहे. फ्रीज एका दाराचा, बर्फाचा कप्पा एवढासाच. सासूबाई 78 वर्षांच्या, मधुमेह आहे, आणि बिट्टी दिवसभर त्यांच्याच मांडीवर असते.

किती द्यायचं, काय द्यायचं, कुठे पैसे वाचतात? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

सातवा_मजला
रानजाई, आमचा डॅशहुंड तीन वर्षं कच्च्यावर आहे. पैशांची काळजी आधी सोडा. मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला वजनाच्या 2 ते 3 टक्के लागतं, छोट्यांना वरची बाजू धरायची. तुमच्या दोघींचं वजन 10 किलो, म्हणजे दिवसाला 300 ग्रॅम, महिन्याला 9 किलो. सरासरी अडीचशे रुपये किलो धरलं तरी 2250 होतात. लॅब्रेडॉरवाल्यांना हे गणित झेपत नाही, आपल्याला झेपतं.

साधारण प्रमाण असं: 80 टक्के मांस, 10 टक्के हाड, 5 टक्के कलेजी, 5 टक्के दुसरा एखादा अवयव, जसा गुर्दा. पेटा (कोंबडीचं जठर) आणि दिल हे अवयवांत धरायचे नाहीत, मांसात धरायचे. इथेच बचत आहे. कलेजी-पेटा एकत्र मिळतो, तो घरी आणून वेगळा करा. पेटा भरपूर चालतो, कलेजी मोजूनच. ती स्वस्त आहे म्हणून वाडगा भरून देणारे लोक मी पाहिलेत. जीवनसत्त्व अ फार होतं आणि ते अंगात साठत राहतं.

बोनलेस घेऊ नका, त्यात पैसे जातात. अख्खी बॉयलर घ्या, कातडी काढायला सांगा, मान वेगळी ठेवायला सांगा. हाड कच्चंच द्यायचं. शिजवलेल्या हाडाच्या सुळ्या होतात आणि आतडं फाटतं, घरच्या रश्श्यातलं हाडसुद्धा नाही. बिट्टी 4 किलोची आहे, तिला मान कुटून द्या, अख्खी गिळायला गेली तर अडकेल.

शीवर लक्ष ठेवा. पांढरी, खडूसारखी भुरभुरीत झाली तर हाड जास्त झालं. काळपट आणि पातळ झाली तर कलेजी जास्त झाली. मी रविवारी सकाळी स्वयंपाकघरात दुसरं काहीच करत नाही. सात छोटे स्टीलचे डबे मांडतो, काटा ठेवतो, भरतो, ओटा ब्लीचच्या पाण्याने पुसतो. आमच्याकडे मात्र म्हातारं माणूस किंवा लहान मूल नाही, हे सांगायला हवं.

चिऊची_आई
मी माझी चूक सांगते, कारण ती अजून लोक करतात.

चिऊ आमच्याकडे दोन महिन्यांची आली. मी कुठेतरी वाचलं की मांस म्हणजे सगळं काही, म्हणून तिला रोज बोनलेस चिकन, कधी कच्चं, कधी वाफवून. दुसरं काही नाही. खूप आवडीने खायची, बाळसं धरल्यासारखी दिसायची. पाचव्या महिन्यात पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वळल्यासारखे वाटले. मला वाटलं जातीचंच असेल. मग एका संध्याकाळी सोफ्यावरून उतरली, दीड फुटांवरून, आणि पाय मोडला. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकी होती की मला ती शोधावी लागली.

मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळपास नाही. शरीर मग ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मी तिथेच रडले. तिला मी रोज हाताने भरवत होते हो.

चिऊ आता चालते, पण उजवा पाय वाकडाच राहिला. कच्चं की शिजवलेलं हा वाद नंतर घाला, कॅल्शियमचं आधी ठरवा. आणि पिल्लू असेल तर मनाने काहीही करू नका.

परळवाला_वैद्य
पेशाने पशुवैद्य आहे. मी कच्च्याच्या बाजूचा नाही, हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, सासूबाई. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर सर्रास असतात. कुत्रं स्वतः ठणठणीत राहतं, पण जंतू त्याच्या शीतून बाहेर पडत राहतात, तोंडाला आणि केसांना लागतात. बिट्टी खाऊन थेट मांडीवर जाणार, हात-तोंड चाटणार. 78 वर्षं आणि मधुमेह असताना हा धोका घेऊ नये. फ्रीजरमध्ये ठेवलं की जंतू मरतात हा मोठा गैरसमज आहे, ते नुसते थांबतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने 2012 पासून कच्चं मांस देऊ नये अशीच भूमिका घेतली आहे, ती माणसांचाही विचार करूनच.

दुसरी गोष्ट कुणी काढली नाही म्हणून सांगतो. स्वस्त मिळतं म्हणून बरेच जण बकऱ्याचं फुप्फुस आणि कलेजी कच्ची घालतात. त्यात हायडॅटिडच्या गाठी असू शकतात. त्या कच्च्या पोटात गेल्या की कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे पट्टकृमी होतात. कुत्र्याला काही त्रास दिसत नाही. त्यांची अंडी शीतून बाहेर येतात, केसांना चिकटतात, आणि माणसाच्या पोटात गेली तर त्याच्या यकृतात, फुप्फुसात वर्षानुवर्षं गाठ वाढत राहते. मटणाचा कुठलाही अवयव पूर्ण शिजवल्याशिवाय देऊ नका. जंताचं औषध वेळेवर द्या, आणि त्यात पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल आहे ना ते विचारा.

आता तुमच्या बजेटचं. तेच 300 ग्रॅम बिनहाडाचं मांस पाण्यात शिजवा, मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर अजिबात नको. पाणी टाकू नका, तेही द्या. हाड जाणार, म्हणून कॅल्शियम वरून घालायचं. अंड्यांची कवचं धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी करा. अर्धा किलो मांसाला अर्धा छोटा चमचा. फुकटचं कॅल्शियम आहे. थोडा भात, भोपळा किंवा गाजर घातलंत तर मांस कमी लागेल आणि पैसेही वाचतील.

एवढ्याने मात्र सगळं भरून निघत नाही. झिंक, आयोडिन, जीवनसत्त्व ड आणि ई घरच्या खाण्यात हमखास कमी पडतात. त्यासाठी पूरक पावडर लागते, तिचा खर्च 3000 मध्येच धरा. पहिल्या दोन महिन्यांत एकदा कुणाला तरी आहार दाखवून घ्या. लालबागवरून बैलघोडा, म्हणजे परळचं जनावरांचं हॉस्पिटल, हाकेच्या अंतरावर आहे.

खाज अन्नामुळेच आहे असं धरून चालू नका. पिसवा आणि गोचीड आधी बघा, पावसाळ्यानंतर निम्म्या वेळा तेच निघतं. किटण कच्च्या हाडाने निघेल या आशेवर राहू नका, बोटाला कापड गुंडाळून कुत्र्यांच्या पेस्टने रोज घासा. माणसांची पेस्ट नको.

कोळीवाड्याची
वैद्यांचं माशांबद्दल सांगायचं राहून गेलं. तारली आणि बांगडा, दोन्ही तेलकट, कातडीला चांगले, आणि पापलेटच्या मानाने काहीच पैसे नाहीत. आठवड्यातून दोनदा, उकडून, मधला काटा काढून. कच्चे नको, काही माशांत कच्चेपणी ब1 जीवनसत्त्व मारणारं द्रव्य असतं, शिजवलं की ते जातं. खारवलेली सुकी मासळी तर मुळीच नको.

1 जून ते 31 जुलै बोटी बंद, तेव्हा भाव चढतात, त्या दोन महिन्यांत मासे सोडून द्या. चिकनचं उलट. गटारीला भाव चढतो आणि श्रावण लागला की उतरतो. बर्फाच्या कप्प्यात जागा असेल तर तेव्हा घेऊन ठेवा.

सातवा_मजला
हायडॅटिडचं मला माहीत नव्हतं. मी बकऱ्याचा गुर्दा कच्चा देत होतो. आजपासून बंद. वैद्यसाहेब, धन्यवाद.

रानजाई
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

कच्चं नाही केलं. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, तिला मांडीवरून उतरवायचं असेल तर मी जेवणार नाही. विषय तिथेच संपला.

चिकनवाल्या दादांना सांगून ठेवलंय. ते दुपारी गिऱ्हाईक कमी असताना पेटा साफ करून, कलेजी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवतात. आठवड्याला दोनदा आणते, कुकरला तीन शिट्ट्या, हाताने बारीक करते, लाल भोपळा, मूठभर भात, वरून कवचाची पूड. बुधवारी आणि शनिवारी तारली. पहिल्या आठवड्यात जुन्या गोळ्यांत मिसळून दिलं, एकदम बदललं नाही. बैलघोड्याला जाऊन आले, पूरक पावडर लिहून दिली. खाज पिसवांचीच निघाली, औषध लावल्यावर थांबली. तीन आठवड्यांचा हिशोब पावडर धरून 2140. पायपुसण्याखाली काही सापडत नाही.

एक अडचण आहे. कवचाची पूड दमट हवेत चार दिवसांत गोळा होते. कशात ठेवता?

चिऊची_आई
काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाच्या, तळाला भाजलेल्या तांदळाची छोटी पुरचुंडी टाकून. आणि एका वेळी सहा-सात कवचांचीच करा, जास्त नको.