मदत हवी आहे : ‘मेख्टहिल्ड’ या जुन्या जर्मन स्त्रीनामाविषयी

नमस्कार. मध्ययुगीन जर्मन संन्यासिनींवर मी एक लेख लिहीत असून, तेराव्या शतकातील माग्डेबुर्गची मेख्टहिल्ड आणि हेल्फ्टा मठातील हाकेबोर्नची मेख्टहिल्ड या दोघींच्या नावापाशी अडले आहे. ‘माख्ट’ म्हणजे सामर्थ्य आणि ‘हिल्ट’ म्हणजे युद्ध, हे दोन जुने शब्द त्यात आहेत. परंतु अशा जर्मन नावांतील दोन पदांमधून नेहमी एकसंध अर्थ निघतोच असे नाही, त्यामुळे आपल्या समासासारखा विग्रह करून ‘युद्धातील सामर्थ्य’ असे लिहावे, की दोन्ही पदांचे अर्थ वेगळेच द्यावेत? मला दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

‘माटिल्डा’ हे याच नावाचे रूप आहे. सम्राट पहिल्या ओटोची आई, ९६८ साली क्वेडलिनबुर्ग येथे निवर्तलेली राणी, दोन्ही रूपांनी ओळखली जाते. मग आजच्या जर्मन माणसाला ही दोन नावे एकच वाटतात का, आणि ‘मेख्टहिल्ड’ हे केवळ आजीच्या पिढीचे नाव वाटते का?

उच्चाराचाही प्रश्न आहे. त्यातील ‘ख’ मृदू, जवळजवळ ‘श’सारखा, आणि शेवटचा ‘ड’ ‘ट’सारखा ऐकू येतो. जर्मनीत राहणाऱ्या किंवा जर्मन शिकवणाऱ्या सदस्यांनी योग्य देवनागरी लेखन सुचवावे, ही विनंती.