थारमध्ये एअर कॉम्प्रेसर कुठे बसवावा?

प्रश्न: डिझेल थार आहे. १२ व्होल्टचा, साधारण ३० अँपिअर ओढणारा, टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर कायमचा बसवायचाय. बॉनेटखाली की सीटखाली? पावसाळ्यात ओढेही ओलांडतो.

सह्यवाट: बॉनेटखाली बॅटरी जवळ, वायर आखूड, आवाजही बाहेर. पण टर्बो आणि एक्झॉस्टच्या बाजूला अजिबात नको. कॉम्प्रेसर स्वतःच तापतो. कच्च्या रस्त्यासाठी हवा कमी केलेले चार टायर १८ वरून ३२ पीएसआयला (हवेच्या दाबाचं एकक) नेताना भोवतीची हवा गरम असेल तर थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर तोडणारा स्विच, त्याला मध्येच बंद पाडतो. फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), शक्य तितका उंच लावा. पातळ पत्र्यावर थेट बोल्ट मारू नका, थरथरीने भोकाभोवती तडे जातात. ३ ते ४ मिमीची प्लेट आणि रबर बुश हवेतच.

चिखलगाडी: ओढे असतील तर माझं मत सीटखाली. तिथे फॅक्टरीचे कनेक्टर असतात, ड्रिल करण्याआधी कार्पेट उचलून बघा. सीट पूर्ण मागेपुढे सरकवून जागा मोजा. बॅटरीपासून ३ मीटरला १० चौरस मिमीची तांब्याची वायर, रिले (छोट्या स्विचने मोठा करंट चालू-बंद करणारा), आणि ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज कॉम्प्रेसरकडे लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

सह्यवाट: बॉनेटखालीच ठरलं तर पाणी ओढलं जाऊ नये म्हणून कॉम्प्रेसरचा हवा आत घेणारा फिल्टर वेगळ्या नळीने उंचावर न्या. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा फार गरम असते, म्हणून सुरुवातीचा पाईप स्टीलच्या जाळीचा टेफ्लॉनच घ्या. साधा पीव्हीसी मऊ पडून निसटतो.