मदत हवी आहे: कासाडी नदीसाठी हरित लवादात अर्ज, मुदत आणि नमुना

नमस्कार मंडळी, तळोज्याजवळ कासाडीत येणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध पुण्याच्या हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) अर्ज करायचा आहे. नदीला ‘कायदेशीर व्यक्ती’, म्हणजे माणसासारखे हक्क असलेली, ठरवा ही मागणी आत्ता नको असं आम्हाला वाटतं. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनेला तो दर्जा दिला, पण जुलैत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली.

अडलंय मुदतीवर. लवाद कायद्याच्या कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, कलम १५ खाली भरपाई आणि नदी पूर्ववत करण्यासाठी पाच वर्षं. सबळ कारण दाखवलं तर वर ६० दिवस. पाणी रात्री पुन्हा पुन्हा सोडलं जात असेल, तर दरवेळी नवं कारण धरता येतं का? असा आदेश कोणाकडे आहे का?

दुसरं, नमुना. आपण भरलेली बाटली ‘कुठली, कोणी भरली’ यावरच उडवतात. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी कारखान्याला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील करतो तो नमुना टिकतो. पण रात्री दोनला अधिकारी कसा आणायचा? शिवाय सीओडी आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजायला-जळायला किती ऑक्सिजन लागतो त्या चाचण्या) यांच्या बाटल्या वेगळ्या: सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून सामू २ च्या खाली हवा, बीओडीची बर्फात. पनवेलच्या आसपास स्वतःचा माणूस पाठवून, सहीनिशी नमुना घेणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा माहीत असल्यास कृपया सांगा.