पेंटियम थ्रीच्या बायोसमध्ये जुन्या आयएसए कार्डासाठी आयआरक्यू राखून कसा ठेवावा?

कुपवाडकर:
नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत आमची लहानशी फाउंड्री असून, कास्टिंगचे नमुने ओढून तोडणारे आमचे चाचणी यंत्र विंडोज ९८ असलेल्या एका पेंटियम थ्री संगणकाला जोडलेले आहे. यंत्राची मोजमापे आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमधल्या एका लांब कार्डामार्फत संगणकात येतात आणि त्या कार्डावरचे जंपर (पिनांवर बसवून क्रमांक ठरवणाऱ्या छोट्या टोप्या) आयआरक्यू १० (कार्ड ज्या ओळीवरून प्रोसेसरला इशारा देते तिचा क्रमांक) व पत्ता ३०० हेक्स यांवर लावलेले आहेत. अहवाल दर वेळी फ्लॉपीवरून न्यावे लागू नयेत, म्हणून गेल्या आठवड्यात मी पीसीआय या नंतरच्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये एक नेटवर्क कार्ड बसवले. तेव्हापासून चाचणी सुरू केली की आलेख शून्यावरच थांबतो आणि माऊसही हलेनासा होतो. नेटवर्क कार्ड काढले की सगळे पूर्ववत चालते.

संगणक सुरू होताना शेवटी क्षणभर दिसणारा तक्ता पॉज कळ दाबून थांबवला, तेव्हा ‘नेटवर्क कंट्रोलर’ या ओळीच्या शेवटी १० हाच आकडा दिसला. अ‍ॅवॉर्ड बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये) ‘पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन्स’ असे पान आहे, पण कार्डाचे माहितीपुस्तक २०१९च्या पुरात सांगलीच्या कार्यालयात भिजून गेले आणि त्याच्या आधाराशिवाय काही बदलायला हात धजावत नाही. नेमके काय बदलावे, हे कृपया सांगावे.

मिरजकर:
आपण तो तक्ता थांबवून पाहिलात, हे फार चांगले केलेत, कारण निदान त्यातच आहे. जंपरवाले आयएसए कार्ड स्वतःची ओळख बायोसला सांगू शकत नाही. त्यामुळे बायोसच्या लेखी आयआरक्यू १० मोकळाच असतो आणि तो नव्या पीसीआय कार्डाला बिनदिक्कत दिला जातो. पीसीआय कार्डे आपसात एक आयआरक्यू वाटून घेऊ शकतात, मात्र आयएसए कार्डाला तो एकट्यालाच हवा असतो, कारण दोघांची इशारा देण्याची विद्युत पद्धतच वेगळी आहे.

त्या पानावर ‘रिसोर्सेस कंट्रोल्ड बाय’ हे ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’ करावे. मग आयआरक्यूंची यादी उघडेल. त्यात फक्त १० समोर ‘लेगसी आयएसए’ निवडावे आणि बाकीचे ‘पीसीआय/आयएसए पीएनपी’ असेच राहू द्यावेत. ‘पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड’ला ‘नो’ द्यावे, म्हणजे वाटप बायोस स्वतः करील. ‘रिसेट कॉन्फिगरेशन डेटा’ एकदाच ‘एनेबल्ड’ करावे, म्हणजे आधीच्या वाटपाची साठवलेली नोंद पुसली जाऊन ते नव्याने होईल. पुढच्या वेळी हा पर्याय आपोआप ‘डिसेबल्ड’वर येतो. एफ१० दाबून जतन करावे आणि पुन्हा तोच तक्ता थांबवून पाहावा. कार्डावरच्या जंपरना मात्र हात लावू नये, कारण चाचणीचा प्रोग्रॅम १० हाच क्रमांक धरून बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

विश्रामबागवाले:
मिरजकरांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु विंडोज ९८च्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नये, असे माझे मत आहे. ही प्रणाली पीसीआय कार्डांचे आयआरक्यू स्वतःही फिरवू शकते, आणि ज्या कार्डाची डिव्हाइस मॅनेजरमध्ये नोंदच नाही, त्याचा क्रमांक तिलाही मोकळाच वाटतो. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये सर्वांत वरच्या ‘कॉम्प्युटर’च्या प्रॉपर्टीज उघडून ‘रिझर्व्ह रिसोर्सेस’मध्ये आयआरक्यू १० आणि ३०० हेक्सपासूनचे पत्ते राखून ठेवावेत.

नेटवर्क कार्ड एजीपीला (ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला) लागून असलेल्या पहिल्या पीसीआय स्लॉटमध्ये असेल, तर ते तिथून हलवावे, कारण बऱ्याच मदरबोर्डांवर तो स्लॉट आणि एजीपी एकच आयआरक्यू वापरतात. काम करण्यापूर्वी वीजेची वायर काढून ठेवावी आणि कार्डाला हात लावण्याआधी केबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा. असे जुने कार्ड जळाले, तर बाजारात दुसरे मिळत नाही आणि त्यापायी चांगले यंत्र पडून राहते, हे मी पाहिलेले आहे.

कुपवाडकर:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व बदल केल्यावर तक्त्यात नेटवर्क कंट्रोलरसमोर ११ आले आणि पाच दिवस चाचण्या सुरळीत झाल्या. साप्ताहिक सुट्टीनंतर मात्र संगणकाने वेळ व तारीख चुकीची दाखवली, ‘रिसोर्सेस कंट्रोल्ड बाय’ पुन्हा ‘ऑटो’वर गेले आणि आलेख पूर्वीसारखाच शून्यावर अडकला. सुट्टीला आम्ही मेन स्विच बंद करतो, याचा याच्याशी संबंध असेल का?

मिरजकर:
संबंध नक्कीच आहे. बोर्डाला वीज चालू असेतो सेटिंग टिकतात; मेन बंद झाल्यावर ती केवळ मदरबोर्डावरच्या गोल सेलवर जगतात. तो सीआर२०३२ असेल, मल्टिमीटरने मोजून पाहावा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. बदलताना अधिकची बाजू वर ठेवावी.

कुपवाडकर:
सेल २.१ व्होल्ट दाखवत होता. नवा बसवून सर्व सेटिंग पुन्हा भरली, रात्रभर मेन स्विच मुद्दाम बंद ठेवला आणि सकाळी पाहिले, तर तारीख बरोबर होती व आयआरक्यू १० समोर ‘लेगसी आयएसए’ कायम होते. दुपारी तोडलेल्या नमुन्याचा आलेख कार्यालयातल्या संगणकावर उघडून पाहिला. जंपरच्या जागा, दोन्ही आयआरक्यू आणि सेल बदलल्याची तारीख कागदावर लिहून तो कागद केबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.