मदत हवी आहे : परभणीतील हौशी नाट्यसंस्थेचे जुने दप्तर कसे आणि कुठे जपावे?

नमस्कार.

परभणीतील एका हौशी नाट्यसंस्थेचे जुने दप्तर जपण्याचे काम आम्ही काही कार्यकर्त्यांनी हाती घेतले असून त्याबाबत जाणकार सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे. संस्था अनेक वर्षे राज्य नाट्य स्पर्धेत आणि एकांकिका स्पर्धांत उतरत आली आहे. तिला स्वतःची जागा कधीच मिळाली नाही, त्यामुळे जो सचिव होईल त्याच्या घरी दप्तर, असा प्रघात पडला. आता त्या पिढीतील बहुतेक मंडळी थकली आहेत, त्यांची मुले पुण्या-मुंबईला स्थायिक झाली आहेत आणि जुनी घरे पाडून तिथे इमारती उभ्या राहत आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याकडे जाण्याची भीती खरी आहे.

आमच्या हाती आतापर्यंत जे आले आहे त्यात हस्तलिखित आणि सायक्लोस्टाइल केलेल्या संहिता, पेन्सिलीने काटछाट केलेली प्रॉम्प्टरची प्रत, नेपथ्याचे आराखडे, प्रकाशयोजनेचे तक्ते, तालमींच्या हजेरीच्या वह्या, खर्चाच्या वह्या, हँडबिले, वृत्तपत्रांची कात्रणे, छायाचित्रे आणि त्यांच्या निगेटिव्ह, पार्श्वसंगीताच्या कॅसेट, काही स्पूल (उघड्या रिळावर गुंडाळलेल्या ध्वनिफिती) आणि नंतरच्या काळातील व्हीएचएस फिती आहेत. यांखेरीज जिल्ह्यातील एका गावच्या, आमच्याही आधीच्या नाट्यमंडळाचे काही कागद एका कुटुंबाने आमच्या स्वाधीन केले आहेत. त्यांतील परवानगीचा कागद उर्दूत आहे आणि त्यावर फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यात सरकारी कामात चालणारी महसुली वर्षगणना, घातलेला आहे.

हे सारे जपण्याचा आग्रह का, हे थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मराठी रंगभूमीचा जो इतिहास लिहिला गेला तो मुख्यतः पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक आणि प्रायोगिक नाटकांभोवती फिरतो. तिथल्या नाटकांची परीक्षणे मोठ्या वृत्तपत्रांत येत आणि संहिता छापल्या जात. आमच्याकडचा प्रयोग स्पर्धेच्या केंद्रावर एकदा होई, फार तर गणेशोत्सवात आणखी एकदा, आणि त्याच्या खुणा या वह्यांपलीकडे कुठेही उरत नसत. गावोगावची हौशी मंडळे, छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाचे औरंगाबाद) मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात रुजलेली दलित रंगभूमी, नामांतराच्या लढ्यातील पथनाट्ये आणि जलसे या सर्वांबाबत हेच म्हणता येईल. तेव्हा ही ट्रंक गेली तर तो प्रयोग झालाच नव्हता असे होईल, आणि पुढे कोणी मराठवाड्याच्या रंगभूमीचा अभ्यास करू पाहील तर त्याच्या हाती पारितोषिकांच्या याद्यांशिवाय काही लागणार नाही.

काय राखावे आणि काय सोडावे यावर आमच्यात मतभेद आहेत. काही सहकाऱ्यांना सत्काराचे फोटो, सन्मानचिन्हे आणि प्रशस्तिपत्रे सर्वांत मोलाची वाटतात. माझे मत वेगळे आहे. मला खर्चाची वही सर्वांत मोलाची वाटते, कारण टेंपोचे भाडे किती होते, पडदे आणि स्पॉट कोणाकडून भाड्याने आणले, कोणाच्या घरून साड्या मागून आणल्या, वर्गणी कोणत्या व्यापाऱ्यांनी दिली आणि स्पर्धेहून परतताना किती तूट पडली, हे सारे तिच्यात आहे. हौशी नाटक गावाने मिळून उभे केलेले असते आणि त्या गावाचा पुरावा फोटोपेक्षा हिशेबात अधिक सापडतो. हजेरीच्या वहीचेही तसेच आहे. स्त्री-भूमिकेसाठी नाव लिहिलेले, मग खोडलेले, पुढे परगावच्या अभिनेत्रीचे नाव घातलेले, अशा नोंदींतून त्या काळी परभणीसारख्या शहरात एखाद्या मुलीने नाटकात काम करणे किती अवघड होते ते थेट कळते. अशा वह्या ‘जुने हिशेब’ म्हणून आधी टाकल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. कागद आणि फिती यांतले आधी काय हाती घ्यावे, आणि घरच्या घरी, फारसा निधी नसताना, कोणती काळजी घेता येईल? कॅसेट आणि स्पूल यांचे संगणकीय रूपांतर कोणत्या दर्जाचे करावे? फसली सनाची तारीख इंग्रजी तारखेत कशी बदलावी? दिवंगत स्थानिक लेखकांच्या अप्रकाशित संहिता अभ्यासकांना दाखवायच्या असतील तर परवानगी कोणाची घ्यावी? आणि शेवटी, हे मूळ दप्तर कायमचे कुठे ठेवावे? ते मराठवाड्यातच राहावे अशी आमची ठाम इच्छा आहे, कारण परभणी, जिंतूर किंवा सेलूच्या विद्यार्थ्याला एसटीने जाऊन ते पाहता आले पाहिजे.

प्रतिसाद : अभिलेखागारात काम केलेल्या सदस्याकडून

आपण खर्चाच्या वहीविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. अमेरिकेत ‘अमेरिकन थिएटर आर्काइव्ह प्रोजेक्ट’ नावाचा उपक्रम आहे. त्यात अभिलेखतज्ज्ञ आणि नाट्य-अभ्यासक स्वतः नाट्यसंस्थांकडे जाऊन त्यांच्या दप्तराची पाहणी करतात आणि ते कसे राखावे हे शिकवतात. त्यांचाही भर केवळ संहितांवर नसतो, तर संस्थेचा कारभार दाखवणाऱ्या पत्रव्यवहार, ठराव आणि हिशेबांवरही असतो. आपल्याकडे कोलकात्यात १९८१ साली स्थापन झालेल्या नाट्य शोध संस्थानाने केवळ रंगभूमीसाठी वाहिलेला संग्रह उभा करून दाखवला आहे.

स्कॅनिंगची घाई करू नका. आधी यादी करा, आणि कागद ज्या क्रमाने ट्रंकेत सापडले तो क्रम मोडू नका. एका नाटकाची संहिता, पावत्या आणि हँडबिल एकाच पुडक्यात असतील तर त्या एकत्र असण्यालाही अर्थ आहे. विषयवार गठ्ठे बांधले की तो अर्थ हरवतो. प्रत्येक पुडके कोणाच्या घरून आले तेही लिहून ठेवा. यादीत गावाचे नाव मूळ कागदावर असेल तसेच लिहा आणि शेजारी आजचे नाव द्या, म्हणजे मोमिनाबाद असेल तर त्यापुढे अंबाजोगाई, उस्मानाबाद असेल तर धाराशिव. कागदावरचे नाव पुसून नवे घालणे म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ करणे होय.

गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हलक्या हाताने काढा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग तो काढताना शाईही निघते. वृत्तपत्राच्या कागदात आम्ल तयार होते आणि त्याचा डाग शेजारच्या पानावर उतरतो, म्हणून कात्रणे वेगळी ठेवा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. आपल्या भागातील खरा धोका पत्र्याखालच्या माळ्याचा आहे. तिथे उन्हाळ्यात कागद भाजून निघतो आणि पावसाळ्यात ओल धरतो. हा चढउतार कायम उष्ण हवेपेक्षाही वाईट असतो. दप्तर तळमजल्यावरील किंवा मधल्या मजल्यावरील खोलीत, भिंतीपासून थोडे दूर आणि जमिनीपासून उंच असे लोखंडी कपाटात ठेवा, म्हणजे वाळवीही लगेच दिसते.

फसली सनाबाबत : हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या काळात फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून लागत असे. आजूर, दै आणि बहुतांश बहमन या महिन्यांसाठी सनात ५९० मिळवावेत, पुढील महिन्यांसाठी ५९१. म्हणजे १३५७ फसलीचा आजूर हा ऑक्टोबर १९४७ मध्ये सुरू होतो, आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन करणारी सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई त्याच फसली वर्षाच्या अखेरच्या, आबान महिन्यात येते. त्या परवानगीची दुसरी बाजू, म्हणजे सरकारी प्रत, शोधायची असेल तर हैदराबादच्या तारनाका भागातील तेलंगणा राज्य पुराभिलेखागारात चौकशी करावी, कारण निजामकालीन दप्तराचा मोठा भाग तिथे आहे.

प्रतिसाद : ध्वनिमुद्रण क्षेत्रातून निवृत्त झालेल्या सदस्याकडून

माझ्या मते पहिला हात फितींना लावावा. जाडसर हस्तलिखित नीट ठेवले तर आणखी पन्नास वर्षे वाचता येईल. फितीचे आयुष्य मात्र तिच्यावरील चुंबकीय थरावर आणि ती वाजवणाऱ्या यंत्रावर अवलंबून असते, आणि यंत्रे संपत चालली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवून पाहू नका. बुरशी यंत्राच्या हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक फितीवर पसरते. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे कान तोडून टाका, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवे ध्वनिमुद्रण होणार नाही. सर्व फिती उभ्या ठेवा आणि स्पीकरपासून दूर ठेवा.

आवाजाचे रूपांतर वेव्ह स्वरूपात, किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट असे करावे. एमपीथ्री ऐकण्यासाठी ठेवा, जपणुकीची प्रत म्हणून ठेवू नका. मूळ प्रतीतील खरखर काढू नका, स्वच्छ केलेली प्रत वेगळी करा. कागद ३०० डीपीआय आणि छायाचित्रे ६०० डीपीआय, टिफ स्वरूपात, एवढे पुरेसे आहे. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत परगावी, हा नियम पाळावा. सीडीवर भरवसा ठेवू नये. यूट्यूबवर चढवलेला प्रयोग लोकांना पाहायला ठीक आहे, पण तो संग्रह नव्हे, कारण तिथे चित्राचा दर्जा आधीच उतरलेला असतो.

प्रतिसाद : वकिली करणाऱ्या सदस्याकडून

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नाटकाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नाटक तुमच्या संस्थेने बसवले म्हणून तो संस्थेकडे येत नाही. दिवंगत लेखकाच्या वारसांकडून साध्या भाषेत लेखी संमती घ्यावी आणि तीत वाचू देणे, छापणे आणि प्रयोग करणे या तीन गोष्टींचा वेगवेगळा उल्लेख असावा, कारण वारस पहिलीला होकार देतील आणि तिसरीला कदाचित देणार नाहीत. कलाकारांचे प्रयोगावरील हक्क वेगळे असतात आणि ते ५० वर्षे राहतात, त्यामुळे व्हिडिओ खुला करण्यापूर्वी हयात कलाकारांना विचारणे योग्य ठरेल. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचा, शिक्का असलेली संहितेची प्रत सापडली तर ती स्वतंत्र जपावी. प्रयोगाला नेमका कोणता मजकूर मान्य झाला होता हे तिच्यावरून सिद्ध होते.

दप्तर दुसऱ्या संस्थेकडे देताना कार्यकारी मंडळाचा ठराव करावा आणि करारात मालकी कोणाची, पाहू कोणाला द्यायचे आणि ती संस्था बंद पडल्यास दप्तर कुठे जाईल, ही तीन कलमे असावीतच.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. फसली सनाचा हिशेब लावून पाहिला. परवानगीच्या कागदावरील महिना ‘फर्वर्दी’ असल्याने ५९१ मिळवावे लागतील, हे आपल्या उत्तरामुळेच कळले.

दप्तर कुठे ठेवावे याबाबत आमच्यात आता तीन नावे चर्चेत आहेत : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, मराठवाडा साहित्य परिषदेचे ग्रंथालय आणि पुराभिलेख संचालनालयाचे छत्रपती संभाजीनगर येथील कार्यालय. माझा कल विद्यापीठाकडे आहे, कारण तिथे हे कागद रोज नाटक शिकणाऱ्या मुलांच्या हाती पडतील. तरीही यांपैकी कोणत्याही ठिकाणी खासगी संस्थेचे दप्तर ठेव म्हणून दिलेल्या सदस्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा, विशेषतः ते नंतर पाहायला मिळण्यास किती सोपे गेले याविषयी.

आणखी दोन विनंत्या आहेत. परभणी, नांदेड किंवा हिंगोली परिसरात कोणाकडे चालू स्थितीतील स्पूल टेपरेकॉर्डर असेल तर कृपया निरोप पाठवावा. आम्ही फिती घेऊन तिथे येऊ, यंत्र हलवण्याची गरज पडणार नाही. आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या परभणी केंद्रावर ज्यांनी कधी काम केले असेल, पडद्यामागे का होईना, त्यांनी फोटोंतील माणसे ओळखण्यासाठी आम्हाला थोडा वेळ द्यावा. अनेक फोटोंच्या मागे एकही नाव नाही आणि ती नावे सांगू शकणारी माणसे आज आपल्यात आहेत, म्हणून यादीच्याही आधी हे काम आम्ही सुरू करत आहोत.